आपल्या न्हाणीघरात नसलेली वाफ

टोकियो, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप तोकिएआत्यास,

हिसानोरीचा वाकून नमस्कार. (तू उलट वाकू नकोस, गुडघे सांभाळ.) थंडी पडली, गावात खेकड्यांच्या होड्या सुटल्या असतील आणि तुझं सार्वजनिक न्हाणीघर दुपारी तीनपासूनच भरत असेल. तू पाठवलेली नाशपातीची पेटी पोचली. पाच फळं मी खाल्ली, बाकीची ऑफिसात वाटली आणि आमच्या घरच्या बागेतली म्हणून ठोकून दिलं. आईची तब्येत कशी आहे? फोनवर ती नेहमी ठणठणीत असते, म्हणून तुला विचारतो. पत्राला विशेष कारण काही नाही. सहज लिहितोय.

आधी वाफेची तक्रार. आपल्या न्हाणीघरावर बेतलेली टीव्हीवरची मालिका बघून लांबलांबून येणारे लोक तिकीट काढून आत जातात आणि बाहेर येऊन ‘बाई, वाफ कुठाय?’ असं तुलाच विचारतात, हे वाचून मी ओशाळलो. पण आत्या, ती वाफ माझी नव्हे. मी मूळ लिहिलं त्यात वाफ दोनदाच आहे, त्यातली एकदा भाताची. टीव्हीवाल्यांना मात्र जिथे अंग दिसेल तिथे वाफ सोडावी लागते. बाराव्या भागात तर इतकी सोडली की नायक कुणाशी बोलतोय तेच मला कळेना, आणि ते संवाद मी लिहिलेत! बाबा असते तर म्हणाले असते, जा रे, पंखा कुणीतरी बंद केलाय.

माझा खरा धंदा घराण्यात तुला एकटीला ठाऊक आहे. (एका वर्षी माझी खोली झाडताना तू पलंगाखालचं खोकं ओढलंस, आतले डबे पाहिलेस आणि ‘धूळ फार आहे’ एवढंच म्हणालीस. हे उपकार मी विसरणार नाही.) आईला पूर्वी वाटे मी शब्दकोशाच्या कचेरीत आहे, आता वाटतं मी टीव्हीची मालिका लिहिली. मधलं तिला माहीत नाही. मधलं म्हणजे ती संगणकावर चित्रं बघत, आवाज ऐकत वाचायची कादंबरी. तिच्यात पात्रं अधूनमधून कपडे उतरवतात, म्हणून ती विकतात त्या डब्यावर अठरा वर्षांखालच्यांना मनाईचा शिक्का असतो. माझी नायिका एकोणचाळीसची, नायक बेचाळीसचा. कंपनीत तेव्हाच कुरकुर झाली होती की एवढ्या पोक्त माणसांचा शृंगार कोण बघणार. नायकाची कंबर धरते असं मी लिहिलं, तेही मालकांना आवडलं नाही. पण मी अनुभवाबाहेरचं लिहीत नाही.

त्या मूळ आवृत्तीत तपासणीवाल्यांनी नको तिथे धूसर चौकोनांची जाळी टाकायला लावली. टाकली. मग सगळ्या वयांसाठी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा म्हणाले जाळीसकट प्रसंगच काढा. मी पेटलो. तीन बैठकांत भांडलो, एका परिसंवादात टेबलावर मूठ आपटून ‘लेखकाचा शब्द म्हणजे त्याचं कातडं!’ असं म्हणालो (टाळ्या पडल्या, मूठ आठवडाभर दुखली) आणि मग घरी येऊन सगळे प्रसंग काढून दिले. त्यांच्या जागी काहीतरी हवं, म्हणून दोघांना खेकडा खायला बसवलं. तपासणीच्या बाईंनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, हे आधीच्यापेक्षा वाईट आहे. मला राग आला. मग मी नायिका खेकड्याची नांगी चोखते तो भाग पुन्हा पाहिला, आणि खरं सांगतो, बाईंचं बरोबर होतं. शेवटी ती नाशपाती सोलते. तेवढं पास झालं.

आता गेल्या महिन्यातल्या सत्काराचं सांगतो. तुला गर्दीमुळे गल्ला सोडून येता आलं नाही, हे देवानंच केलं. नगराध्यक्षांनी शाल दिली, माझ्यामुळे गावात दोन खानावळी पुन्हा उघडल्या म्हणाले, आई पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसली होती. इतक्यात वाचनालयाच्या शिमोजोबाई उभ्या राहिल्या. (वय एक्क्याऐंशी, मला चौथीत शिकवलं, अजून माझ्याकडे बघताना त्यांचा हात खडूकडे जातो.) त्यांच्या वाचनमंडळात सात म्हाताऱ्या, आई त्यातलीच एक, आणि मंडळाचा नियम असा की आधी मूळ वाचायचं, मग रूपांतर बघायचं. त्यांनी विचारलं, मूळ आणि मालिका यांत फरक काय? टेबलावर मूठ आपटणारा मी म्हणालो, मूळ जरा लांब आहे.

‘किती लांब?’

‘थोडे... संवाद जास्त आहेत.’

‘हिसानोरी, तू चौथीतही सारांश वाचून परीक्षेला बसायचास. आम्ही मूळच वाचणार. मागवलंय मी.’

टाळ्या पडल्या. आईनं सगळ्यात जोरात वाजवल्या. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. बाकी सर्व क्षेम. बंबाची काजळी काढून घे, चिमणीवर स्वतः चढू नकोस.

तुझा,
हिसानोरी

ता. क. सहज लिहितोय म्हणालो ते खोटं. सोबत एकोणीस पानं आहेत. नाशपातीच्या आणि खेकड्याच्याही आधी तिथे जो मूळ प्रसंग होता, तो. त्यात ती दोघं नंतर पडल्या पडल्या बोलतात आणि ती आपल्या बापाबद्दल सांगते. तो बाप म्हणजे आपले बाबा आहेत, आत्या. कोपर बुडवून न्हाणीघराचं पाणी किती तापलंय ते बघणारे. रोज संध्याकाळी मला पाचशे मैलांवर फोन करून ‘पाणी तापलंय, येतोस का?’ म्हणणारे. गेले त्या दिवशीही केला होता, मी हसून ठेवून दिला. हे मला दुसरीकडे कुठेच लिहिता आलं नाही. कपडे उतरले की माणसाला खोटं बोलता येत नाही, हे त्यांचंच वाक्य. प्रसंगाबरोबर तेही गेलं, मालिकेत नाही. आईपर्यंत एवढं पोचावं असं फार वाटतं, पण एवढंच पोचावं. म्हणून आजूबाजूच्या ओळी मी स्वतः पांढरी पट्टी लावून झाकल्यात. (पट्टीची तीन रिळं संपली. परिसंवादातलं कुणी भेटलं तर सांगू नकोस.) बुधवारी न्हाणीघर बंद असतं, तेव्हा तिला वाचून दाखव, आणि शिमोजोबाईंनी मागवलेला डबा कसाही करून पळव.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच आईचा फोन. मंडळ सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वाचनालयात बसलं होतं. सगळं वाचून झालं. चित्रांवर चौकोन दिसले तेव्हा शिमोजोबाईंना वाटलं संगणकाचा पडदा बिघडला. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो बिचारा लालबुंद होऊन पैसे न घेता गेला, आणि आता बाई कंपनीला तक्रार लिहिताहेत की सदोष माल पाठवलात, बदलून द्या. आई म्हणाली, ‘सातजणींत मिळून एकोणीस बाळंतपणं झालीत रे, आम्हाला काय दाखवतोस!’ मग म्हणाली की कोपर डावं होतं, उजवं भाजलेलं होतं, तेवढं दुरुस्त कर. मग म्हणाली, ‘पाणी तापलंय. येतोस का?’

शनिवारच्या गाडीनं येतोय. ती एकोणीस पानं बंबात घाल.