तिन्ही परीक्षकांनी चांगलं लिहिलं होतं

होबार्ट,
१४ मार्च

प्रिय केरिन,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रोज उत्तर लिहायला बसते आणि दुसरंच काहीतरी काम काढते. माझा गुडघा आता बरा आहे. जर्दाळू यंदा पक्ष्यांनीच संपवले. ईडनला भावाच्या कालवांच्या शेतीवर तू रमलीस, असं लिहिलंस. खरंच रमली असशील तर बरं वाटेल मला.

विद्यापीठाने सोमवारी प्रयोगशाळेतल्या तुझ्या टाक्या काढल्या. मी गेले होते. बिशेनोच्या किनाऱ्यावरून तू आणलेलं केल्पचं, त्या उंच समुद्री शेवाळाचं बियाणं, गरम पाण्यातही जगलेलं, त्या काचेच्या नळ्यांत तसंच होतं. पण शीतपेटी बंद होऊन आठवडे झाले होते. एकाही नळीत जिवंत काही राहिलं नव्हतं. आणि समुद्रातलं केल्पचं मूळ जंगलही या उन्हाळ्यात गेलं. आपला पाणबुड्या टेड तिथं उतरून आला, म्हणाला, "खाली काही नाही नोलीन. नुसता खडक."

म्हणजे पुन्हा बी आणायला जागा नाही.

तू विचारलंस, तिन्ही परीक्षकांनी चांगलं लिहिलं होतं, तरी संशोधनाच्या निधीसाठीचा अर्ज पडला कसा. परीक्षकांच्या अहवालांनंतर समिती बसते, केरिन. सात जण, एक दिवस, साठ अर्ज. सगळे गुण मिळवून यादी लागते आणि मध्ये एक रेघ मारतात. रेघेखालच्यांना पत्र जातं. कॅनबेराच्या त्या खोलीत सातांपैकी एक मी होते.

तू माझी विद्यार्थिनी, हे मी आधीच कळवलं होतं. पण त्याला बारा वर्षं होऊन गेलीत, बाहेर जायची गरज नाही, असं ते म्हणाले. तुझा अर्ज रेघेच्या वर होता. वर होता गं.

प्रू नावाच्या बाई म्हणाल्या, "ही गेल्या वर्षीही आली होती ना? आणि त्याच्या आदल्या वर्षीही. चिवट आहे पोरगी." सगळे हसले. मीही हसले.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "नोलीन, तो किनारा इथं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. काय म्हणता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुझी बाजू घेतेय असं कुणाला वाटू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मी म्हणाले, "काम चांगलं आहे. पण एखादं वर्ष थांबलं तरी चालेल."

प्रूने गुण कमी केले. मग आणखी दोघांनी. तू घसरून रेघेच्या दोन जागा खाली आलीस. पुढचा अर्ज घेतला. त्या सगळ्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

थांबून चालणार नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तुझ्याबरोबर त्या पाण्यात मीच उतरले होते.

समितीतलं बाहेर सांगायचं नसतं. मी राजीनामा दिलाय आणि हे पत्र लिहिल्याचंही त्यांना कळवलंय. माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. ते मागायचा हक्क मला नाही. उत्तर नाही आलं तरी समजेन. फक्त तुझ्या कामात काही कमी होतं असं मनात धरू नकोस. कमी मी पडले.

तुझी एके काळची शिक्षिका,
नोलीन