दुसरा कंट्रोलर

३ जानेवारी

आज खालचा इस्त्रीवाला मला ‘परबांची सून’ म्हणाला. म्हणजे मी आता पक्की काळाचौकीकर. कणकवली सोडून पंधरवडाही झाला नाही आणि चौदाव्या मजल्यावरून मी आता बिनधास्त खाली वाकून बघते. इथे पूर्वी चाळ होती. ती पाडून टॉवर झाला, पण माणसं चाळीतलीच राहिली. दारं उघडी टाकून बसतात आणि कुणाकडे बांगडे तळलेत हे लिफ्टमध्येच कळतं. मला हे फार आवडलं.

सासर असं मिळालं म्हणून मैत्रिणी जळतायत. बघायला आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलंच नाही. कमलबाई परबांचा पहिला प्रश्न होता, गेम कुठले कुठले खेळतेस? आमच्या बाबांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिथे गेमची मशीनंही यायची आणि दुरुस्त झालेलं मशीन नीट चालतं का ते बघायचं काम माझं आणि धाकट्या आरोहीचं. आम्ही ते इतक्या मन लावून करायचो की गिऱ्हाईक मशीन न्यायला यायचं आणि हात हलवत परत जायचं. हे सगळं मी त्यांच्यासमोर बेधडक सांगून टाकलं. आईने डोळे वटारले. पण मयूरने आणि सासूबाईंनी एकमेकांकडे बघितलं आणि लग्न ठरलं.

५ जानेवारी

मयूर मला दादरला घेऊन गेला. लग्नाची भेट म्हणून गेमिंग कन्सोल, आणि पसंती माझी. प्लेस्टेशन की एक्सबॉक्स यावर मी आणि आरोही एकमेकींच्या झिंज्या उपटायचो, त्यामुळे दुकानदाराला माझ्यासमोर फार बोलायची संधी मिळाली नाही. डिस्कवाल्याचं बरं असतं, खेळून झालेली डिस्क विकता येते, कुणाची तरी उसनी आणता येते. महिन्याच्या महिन्याला पैसे भरायच्या प्रकारात गेम ढिगाने, पण पैसे थांबले की सगळं गेलं, भाड्याच्या घरासारखं. माझा जीव मात्र हातात मावणाऱ्या छोट्यावर होता. लोळत खेळता येतो, टीव्ही अडत नाही, माहेरी जाताना पर्समध्ये टाकता येतो.

मयूर लग्नानंतर पहिल्यांदाच मला नाही म्हणाला. हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा मोठाच हवा, डिस्कवाला हवा आणि दोन कंट्रोलर हवेत. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, त्यांनीही तेच विचारलं, दोन घेतलेत ना? मी विरघळलेच. जोडीने खेळायचं म्हणतोय बिचारा. घेतला डिस्कवाला. पसंती माझी म्हणायची आणि निवडायचं त्याने, एवढं तर चालतंच संसारात.

हॉलमध्ये विनीतचा, माझ्या दिराचा, फोटो आहे. दोन वर्षांपूर्वी किडनीच्या दुखण्याने गेला. शेवटी शेवटी त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं, दिवसभर खेळत बसायचा म्हणे. त्याचं जुनं मशीन फोटोखाली विणलेल्या रुमालाने झाकून ठेवलंय. सासूबाईंनी त्यातली डिस्क काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, त्याचा हा अर्धाच राहिला, तू खेळ. मला भरून आलं.

१० जानेवारी

गेम झकास आहे. बुडालेलं शहर, त्यातून दोन सोबत्यांनी वाट काढत जायचं. प्रत्येक दाराला दोन कड्या, दोघांनी एकदम बटण दाबलं तरच दार उघडतं. एकट्याचं काम नाही. आणि मयूर तर रोज अंधार पडल्यावर घरी येतो.

पण काल दिवेलागणीला सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि म्हणाल्या, बस आता जरा खेळायला. मी बसले तर स्टँडवरच्या दुसऱ्या कंट्रोलरचा दिवा आपोआप पेटला आणि दुसरा खेळाडू पडद्यावर येऊन दाराशी उभा राहिला. मी हसायलाच लागले. हल्ली फोनवरून लांबूनही खेळता येतं, म्हणजे साहेब ऑफिसात काम सोडून हे धंदे करतात. जेवताना मयूरला छेडलं. तो ताटात बघत राहिला. कान लाल झाले होते.

१८ जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण मी नवऱ्याच्या प्रेमात पडले आहे. घरातल्या मयूरच्या नव्हे, संध्याकाळच्या. घरातला मयूर मोजून मापून बोलतो. पण संध्याकाळी तो प्रत्येक दाराशी माझी वाट बघत थांबतो. मी पाण्यात पडले की मागे येतो. स्वतःचं औषध मला देऊन टाकतो. त्याचा आवाज येत नाही, ऑफिसात कसा बोलणार? मीच हेडफोन लावून बडबडते. आईची आठवण येते हे त्याला सांगितलं, तोंडावर सांगायला जमलं नव्हतं.

आज त्याने एक अवघड पूल असा पार केला की मी म्हटलं, बाबा रे, तुझ्यापुढे मी काहीच नाही, तुला आमची आरोहीच हवी. आणून देते तुला एकदा, शब्द दिला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, आरोहीही खेळते? म्हटलं, माझ्यापेक्षा सरस, आणि हातात घेतलेला गेम पुरा केल्याशिवाय उठत नाही. त्यांनी मान हलवली.

२४ जानेवारी

मयूर ताप आला म्हणून दुपारीच घरी आला. गोळी घेऊन आत झोपला. त्याचा फोन माझ्या समोर टीपॉयवर, बॅटरी संपून बंद पडलेला.

दिवेलागणीला दुसरा खेळाडू आला.

मी टीव्ही तसाच ठेवून आत गेले. मयूर जागा होता. कानात बोटं घालून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी हाक मारली तरी वळला नाही. बाहेर आले तर स्टँडवरच्या कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची काडी आपोआप हळूहळू फिरत होती, आणि पडद्यावर तो दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

२५ जानेवारी

मयूरचे लवूकाका गावाहून आलेत, परळला डोळे दाखवायचेत. सकाळी मयूर आणि सासूबाई बाहेर गेल्यावर त्यांना चहा दिला. काका मशीनकडे बघून खूश झाले. म्हणाले, मयूरान शब्द पाळल्यान हां.

मी विचारलं, कसला शब्द. त्यांना वाटलं मला माहीत आहे. बाणगंगेवर विनीतचं दहाव्याचं पिंड ठेवलं तेव्हाची गोष्ट. कावळा झाडावर बसलेला, पण शिवेना. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

“तुझ्या आवशीक सांभाळतंव म्हटला, नाय. तुझी खोली तशीच ठेवतंव म्हटला, नाय. उन्हा डोक्यार इली. मगे मयूरान हात जोडल्यान. म्हणालो, तुका खेळाक जोडीदार हाडून देतंय, घरातच ठेवतंय. बोलाचो अवकाश, कावळो झपकन खाली इलो.”

खेळायला जोडीदार आणून देतो, असा शब्द मयूरने दिला होता. मी चहाचे कप विसळले. परत विसळले. बघायला आले तेव्हा त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं होतं. मी ते पसंती समजले होते.

२६ जानेवारी

विचारलं. मयूर रडला. आधी वर्षभर विनीतसोबत तोच खेळला. शेवटच्या दारापर्यंत गेला. तिथे पलीकडून विनीतचा स्वतःचा आवाज आला, दादा, दाब ना, आत ये. मयूरने बटण दाबलं नाही, कंट्रोलर टाकून पळाला. तेव्हापासून त्याच्या डाव्या अंगठ्यात जीव नाही. नुसता लटकतो. लग्नात हार घालताना त्याचा तो हात अडखळला होता, म्हटलं लाजतोय.

मी म्हटलं, म्हणून मला आणलंस. तो म्हणाला, मला वाटलं तुला आवडेल. तू खूश होतीस ना?

सासूबाई म्हणाल्या, त्रास तर काही देत नाही ना विनीत कुणाला.

मी ज्याच्यापाशी मन मोकळं केलं तो कोण होता, आणि ज्याच्याशी लग्न केलं तो कोण आहे? दोघांतल्या जिवंताची मला जास्त किळस येते.

२८ जानेवारी

खेळणार नाही. प्लग काढला. मशीन गोणत्यात बांधून गॅलरीत ठेवलं.

दिवेलागणीला टीव्ही आपोआप लागला. तो दाराशी बसून होता. रागावलेला नाही. वाट बघत होता, नेहमीसारखी. तेच सहन होत नाही —

३० जानेवारी

डाव्या अंगठ्याला मुंग्या. भाकरी थापताना बोटं आपली आपण हलतात. बटणं दाबल्यासारखी. पीठ खाली पडलं. सासूबाईंनी परात ओढून घेतली.

माहेरी जाते म्हटलं. मयूर म्हणाला, मीही गेलो होतो गावी. तिथेही हात हलायचे.

२ फेब्रुवारी

अंगठा गार. सुई टोचली. कळत नाही.

मयूर माझा हात धरून बसला होता. म्हणाला, मी करतो काहीतरी. तुझ्यासाठी. मी हात काढून घेतला. त्याला स्पर्श कळला. मला नाही —

६ फेब्रुवारी

आज टीव्ही लागला नाही. कालही नाही. गोणतं उघडून बघितलं, दुसऱ्या कंट्रोलरचा दिवा विझलाय.

अंगठ्यात ठणका आहे. ठणकतोय म्हणजे जिवंत आहे. मी रडले. मयूरही रडला, म्हणाला, सुटलीस. कसं ते विचारलं नाही. विचारायचं नव्हतं. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खरंच ठेवलं.

८ फेब्रुवारी

दुपारी आरोहीचा फोन. आनंदाने किंचाळत होती. वाढदिवसाला भावोजींनी मशीन पाठवलं. दोन कंट्रोलरवालं. सोबत एक जुनी डिस्क.

म्हणाली, ताई, किती मस्त खेळतेस गं तू. बोलत का नाहीस? पण प्रत्येक दाराशी थांबतेस, म्हणून तूच असणार ते कळतं मला.

गोणत्यातलं मशीन उघडलं. डिस्क नाही.

मयूर समोर उभा. म्हणाला, शब्द तूच दिला होतास त्याला. आईने ऐकलाय. मी फक्त मशीन पाठवलं.

तिला सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, घाबरवू नकोस, तीन संध्याकाळी मी जागची उठले नाहीये, आता एकच दार राहिलंय. आज संध्याकाळी उघडूच —

फोन कापला. परत केला. उचलत नाही. बाबांना केला, ते दुकानात. त्यांना म्हटलं, घरी जा, आत्ता जा. म्हणाले, गिऱ्हाईक आहे गं, जातो जरा वेळाने —

सासूबाई देवापाशी वात वळतायत.

उजेड चाललाय —

लागला. फोन लागला. आरोही म्हणते, ताई, फोन कशाला करतेस, तू इथेच तर आहेस. बोलायलाही लागलीस बघ. हाक मारतेस मला —

मला ऐकू येतंय. फोनमधून. माझाच आवाज. आरू, दाब ना, आत ये —

ती मी नाही आरू, कंट्रोलर खाली ठेव, ती मी नाही, मी इथे आहे, मी ओरडते आहे आणि ती म्हणते, थांब, दोघींनी एकदम, एक, दोन —