उजव्या पायाच्या प्लेटा

प्रिय सिद्रामअण्णा,

तुम्ही गेलात त्याला सात महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं एकदाही वाटलं नाही, आणि आज वाटलं तेही काही प्रेमाचं भरतं आलं म्हणून नाही. आज दुपारी मी तुमच्या गौरीची मुलाखत घेतली. हो, आपल्याच कंपनीत, हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू विकायच्या नोकरीसाठी! टेबलाच्या पलीकडे ती, अलीकडे पुण्याहून आलेले मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी मी, नवा एरिया मॅनेजर.

हे खूळ पोरीच्या डोक्यात कुणी घातलं? तुम्हीच ना! घरी काय काय सांगत होतात तुम्ही? ऑपरेशन चालू असताना डॉक्टर मला विचारल्याशिवाय स्क्रू मारत नाहीत म्हणे. खोटं नव्हतं ते. हिरवा गाऊन घालून कोपऱ्यात उभे राहायचात, कशाला हात लावायची मुभा नाही म्हणून लेझरचा लाल ठिपका ट्रेवर पाडायचात आणि हळूच म्हणायचात, "सर, ह्यो स्क्रू घ्या की, चाळीस एमएमचा." पण ऑपरेशन झालं की तीच रक्ताळलेली हत्यारं मोरीत घासत बसायचात, ते का नाही सांगितलंत घरी?

आमच्याही घरी तुम्ही हेच केलंत. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत बसून, अम्मीच्या हातचा चहा पीत, अब्बांना पटवलंत. "पोराला आमच्या लाईनीत घाला भाई. फिक्स पगार कमी हाय, पन इन्सेंटिव्ह लई. पाच वर्सांत मॅनेजर, धा वर्सांत सोताची एजन्सी." अब्बा भोळे. तुम्हाला या लाईनीत बावीस वर्षं झाली, मग तुमची एजन्सी कुठंय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मॅनेजर व्हायला फाडफाड इंग्रजी लागतं आणि एजन्सीला भांडवल, नाहीतर डॉक्टर मेहुणा, हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं.

तुम्ही मला 'तम्मा' म्हणायचात. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. प्लेटांच्या ट्रेंची पेटी मोटरसायकलला बांधून आपण मोहोळकडे निघालो की शहराबाहेर तुम्ही हायवेला हात जोडायचात. "ही आपली लक्ष्मी हाय तम्मा. मानसं पडायची थांबनार हायेत का?" तेव्हा मला हसू यायचं. आता महिनाअखेर आली आणि हायवेवर काही घडलं नाही, की मी बेचैन होतो. शिकवलंत खरं चांगलं!

मोहोळचा तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. नसेल आठवत तर मी आठवण करून देतो, कारण तुम्ही मेल्यावरही लोक तो विसरलेले नाहीत. पेशंटचं उजव्या मांडीचं हाड गुडघ्यापाशी मोडलेलं. या प्लेटा चपलांसारख्या असतात, डावी उजव्याला चालत नाही. डॉक्टरांनी पाय उघडला, सिस्टरनी ट्रे उघडला आणि दोन्ही ट्रेमध्ये डाव्या प्लेटा! सोलापूरहून उजव्या घेऊन मी धावत आलो, त्या पुन्हा निर्जंतुक केल्या, तोवर पेशंट दीड तास उघड्या पायानं टेबलावर. पाय वाचला, हे आपलं नशीब. त्या डॉक्टरांनी तुम्हाला सगळ्यांसमोर काय काय ऐकवलं ते मी दाराबाहेरून ऐकलं.

पेटी मी भरली होती. तुम्हाला ते माहीत होतं. जिन्यात मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरलात. "गप बस. उघडून बघायचं काम माजं हुतं. तुजी नोकरी नवी हाय, माजं काय, केस पिकले." आणि वर जाऊन साहेबांना फोनवर सांगितलंत, "चूक माजी हाय, सर."

मी तुम्हाला म्हटलं होतं का, मला वाचवा म्हणून? कुणी सांगितला होता हा मोठेपणा?

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो. तुम्हाला वाटलं पोरगं घाईत होतं. मी घाईत नव्हतो अण्णा. पेटी भरताना माझ्या कानाला फोन होता. दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलत होता, महिना चार हजार जास्त देतो म्हणत होता. मी हसत हसत त्याच्याशी घासाघीस करत होतो आणि हातानं ट्रे भरत होतो. तुम्ही बावीस वर्षांची अब्रू घालवलीत ती या चार हजारांपायी. आणि ती नोकरी मला मिळालीही नाही!

पुढचं तुम्ही पाहिलंतच. तुम्हाला गोडाऊनमध्ये बसवलं. इन्सेंटिव्ह बंद, नुसता फिक्स पगार. मोहोळपासून माळशिरसपर्यंतचे तुमचे सगळे डॉक्टर माझ्याकडे आले. तुम्हीच ओळखी करून दिलेले असल्यामुळं धंदा बसल्या जागी झाला आणि कंपनीनं मला बँकॉकला पाठवलं. तिथून मी तुमच्यासाठी काय आणलं? फ्रिजला चिकटवायचा हत्ती! तुम्ही तो गोडाऊनच्या कपाटावर लावलात आणि येईल त्याला दाखवत राहिलात, "आमच्या तम्मानं आनलाय." मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता. त्याच कपाटासमोर, त्याच खुर्चीत तुम्ही गेलात. मातीला आलेले डॉक्टर मी मोजले. एक.

तर आजची मुलाखत. गौरी यायच्या आधी साहेब मला म्हणाले, "गेलेल्या माणसाची मुलगी आहे, डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. पहिले सहा महिने सहानुभूतीवर निघतील." हे ऐकून मी मान डोलावली. तरी तिला पळवून लावायचा मी प्रयत्न केला, खरंच केला. म्हटलं, पेटी वीस किलोची असते.

"माहितीय. बाबांची जिन्यावरनं मीच उतरवायचे."

म्हटलं, डॉक्टर शिव्या देतात.

"त्या बाबा घरी घेऊन यायचे, काका. सवय हाय आमाला."

साहेब खूश! पगार अठरा हजार सांगितला, तर शांतपणे म्हणाली, "बाबांचा शेवटी बावीस होता. घरी चाळीस सांगायचे. ते गेल्यावर स्लिपा सापडल्या." मला तिच्याकडे बघवेना. गोडाऊनला गेल्यावरही चाळीसच सांगत होतात का तुम्ही? वरचे कुठून आणत होतात?

मग साहेबांनी मोहोळचं काढलं. "तुझ्या वडिलांची ती केस गाजली होती. त्यातून तू काय शिकलीस?"

पोरगी ताठ बसली. "निघायच्या आदी ट्रे उघडून बघायचा. बाबांनी बघितला न्हाई. त्यांची चूक मी करनार न्हाई, सर."

साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर ना, इरफान?"

मी म्हटलं, "बरोबर."

तेवढा एकच शब्द. मग सहीसाठी कागद पुढं आला आणि मी सही केली. बाहेर आल्यावर गौरीनं पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला. वहिनींनी पाठवला होता, आणि निरोपही, की तुमच्या भरवशावर सोडतेय पोरीला. गौरी म्हणाली, "काका, बाबांनी तुमाला शिकवलं तसं मला शिकवा. आनि मोहोळ मला द्या. तितं बाबांचं नाव धुऊन काढायचंय मला."

धुऊन काढायचंय! मी उभा होतो तिच्यासमोर, डबा हातात घेऊन.

अण्णा, तिला खरं सांगीन असं वचन लिहायला मी बसलो होतो. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. सांगितलं तर ती साहेबांकडे जाईल, तिनं जावंच, आणि माझी खुर्ची जाईल. अब्बांचं डायलिसिस चालू आहे, हे कारण खरं आहे, पण ते नसतं तरी मी दुसरं शोधलं असतं. मला मी आता चांगला ओळखतो.

म्हणून पाळता येईल तेवढंच वचन देतो. गौरीला मोहोळ देईन. काम शिकवीन, तुम्ही मला शिकवलंत त्याहून चांगलं, इतकं की चार-पाच वर्षांत कंपनी मला गोडाऊनमध्ये बसवून माझी जागा तिला देईल. त्या दिवशी सांगीन, सांगायला माझं काहीच जाणार नसेल तेव्हा. तोवर ती रोज सकाळी निघताना ट्रे उघडेल आणि मनात तुम्हाला दोष देईल. तुमची लेक आहे, मनापासून देईल.

तेवढं सोसा. माझ्यासाठी तुम्ही आधीही सोसलंय.

तुमचा तम्मा,
इरफान