तुतीचे मूळ आणि माझी दाढ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (डावा गाल जमिनीला टेकू न देता घातलेला; कारण पुढे येईल). तुझा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून भाऊजींनाच वर-खाली पिटाळतेस? भाऊजींचा खोकला थांबला असल्यास आनंद आहे. थांबला नसल्यास त्यांनी तो डॉक्टरांना ऐकवावा, दर वेळी मला फोनवर ऐकवू नये, असा नम्र निरोप द्यावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. ‘सर्व’ या शब्दात तुती धरलेली नाही. मागच्या आठवड्यातील वादळात ती पडली.

तू शाळेत असताना परसाच्या कडेला जी काडी खोचली होतीस, आणि जिची एक फांदी सासरी जाताना ओल्या फडक्यात गुंडाळून नेलीस, तीच ही तुती. तुला आठवत असेल, बाबांनी कुंपणाची भिंत नंतर बांधली. ऐन रेषेवर तुती उभी होती, म्हणून गवंड्याने भिंत तिच्यापाशी थांबवली आणि तिच्या पलीकडून पुन्हा सुरू केली. म्हणजे मधली दोन वीत भिंत ही तुतीच होती. उभी होती तोवर ही व्यवस्था कोणालाच खुपली नाही. पडताना मात्र तिने मुळे आमच्या परसात वर काढली आणि शेंडा शेजारच्या दंतवैद्यांच्या घराला लागूनच असलेल्या दवाखान्याच्या दारात ठेवला. (दंतवैद्य तुला आठवत असतील. तुझ्या मागच्या मुक्कामात न विचारता तुझे दात पाहून ते ‘वा!’ म्हणाले होते आणि तू पुढचे दोन दिवस विनाकारण हसत होतीस.) त्यांचे रोगी हल्ली फांद्यांतून वाकून आत जातात आणि केसांत पाने घेऊन खुर्चीत बसतात.

वादळाच्या दुसऱ्याच सकाळी दंतवैद्यांनी दवाखान्यातील बाईंच्या हाती चिठ्ठी पाठवली. ‘आपले झाड दवाखान्याच्या दारात पडले आहे. ते हलवण्याची व्यवस्था व्हावी.’ ताई, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आमच्या कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रातील संदिग्धता काढून टाकणे हेच माझे काम आहे. पण ‘आपले झाड’ हे शब्द वाचून मला भरून आले. केवढा सुसंस्कृत माणूस! दार अडले आहे, छपराची कौले फुटली आहेत, तरी ‘तुमचे’ म्हणत नाही, ‘आपले’ म्हणतो! मी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिले, ‘आपला विचार सर्वथा मान्य. झाड आपलेच आहे. तोडणाऱ्यास आपण आजच बोलवावे.’ आणि समाधानाने चहा मागितला.

चहा येण्यापूर्वी दंतवैद्य आले. तेही दारातून नव्हे, भिंतीतल्या खिंडारातून.

“माझं? झाड माझं? मूळ तुमच्या अंगणात आणि झाड माझं? अहो साहेब, ज्याच्या जबड्यातून दात पडतो, दात त्याचा असतो! ज्याच्या पायावर पडला त्याचा नसतो!”

मी शांतपणे सांगितले की झाड आपले असल्याचे आपणच लेखी कळवले आहे. ते म्हणाले, आपले म्हणजे आपले, म्हणजे तुमचे, आदरार्थी! मी म्हणालो, तसे असेल तर माझ्या उत्तरातील ‘आपलेच’ हेही आदरार्थी समजावे. (हे मला तेव्हा बिनतोड वाटले. ते बोलायला नको होते, असे आता वाटते.) त्यावर ते आले त्या खिंडारातून परत गेले, पण जाताना दोनदा फांदीला अडखळले, त्यामुळे रागावून जाण्याचा परिणाम थोडा कमी झाला. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “सगळ्या जगाला आपण-आपण करत बसता, त्याचं हे फळ. ‘तुमचं’ लिहायला दोघांनाही शाई जास्त लागत होती का?”

त्यानंतर दंतवैद्यांचे आणि माझे बोलणे बंद झाले. वास्तविक तुतीबाबत दंतवैद्यांचे धोरण आजवर हंगामी होते. तुती पिकून त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या डगल्यांवर जांभळे डाग पडले की झाड ‘तुमचं’ असे. त्याच तुतींचा आमच्याकडे मुरांबा झाला की रिकामी बरणी पाठवताना ‘आपल्या झाडाचा’ असा निरोप असे. (माझेही धोरण याच्या बरोबर उलट होते, असे सौभाग्यवतींचे मत आहे. ते मी केवळ नोंदवतो.) मधल्या काळात करवत घेऊन एक झाडतोड्या आला. त्याने खोडाला प्रदक्षिणा घातली आणि पैसे कोण देणार, एवढेच विचारले. मी पलीकडे बोट दाखवले. पलीकडून दंतवैद्यांनी अलीकडे दाखवले. “ठरलं की बोलवा,” तो म्हणाला, “झाड काही कुठं जात नाही.” आणि फांदीवरच्या चार तुती तोंडात टाकून निघून गेला.

आता माझ्या गालाकडे येतो. वादळाच्या आधी दंतवैद्यांनी माझ्या डाव्या दाढेचे मूळ साफ करायला घेतले होते. निम्मे काम झाले होते. वर तात्पुरते सिमेंट भरून ‘मंगळवारी या’ असे सांगितले होते. मंगळवार येईपर्यंत आमचा संवाद संपला होता. ज्या गृहस्थांना मी तत्त्वाच्या प्रश्नावर नमवण्याचे ठरवले होते, त्यांच्याकडे माझी दाढ उघडी अडकली होती. दोन दिवस लवंग धरली. तिसऱ्या दिवशी गाल एवढा सुजला की कार्यालयात शिपायाने बर्फीचा घास समजून ‘तोंडात काय आहे साहेब, आम्हालाही द्या’ असे विचारले. बाजारातल्या दुसऱ्या दंतवैद्याने टॉर्च मारून पाहिले आणि सांगितले, “ज्यांनी उघडलंय, त्यांनाच मिटवू द्या.” दाढेविषयीच बोलत होता, असे मी धरून चालतो.

शेवटी काल संध्याकाळी मी फांद्यांतून वाकून, केसांत पाने घेऊन, रीतसर रोगी म्हणून आत गेलो. दंतवैद्य ‘बसावे’ एवढेच म्हणाले. पण बाईंना राहवले नाही. “रोज सहाची वेळ मोकळी ठेवायला लावतात हो! म्हणतात, झाडवाले साहेब येतील.” (‘झाडवाले’ या शब्दाला मी तिथेच हरकत घेणार होतो. परंतु रोज मोकळी ठेवलेली वेळ ऐकल्यावर हरकत कुठे ठेवली ते सापडेना.) तोंडात कापूस कोंबला, नळी लावली, आणि मी पूर्ण निरुत्तर झाल्याची खात्री पटताच दंतवैद्यांनी आपली बाजू मांडली. मूळ, जबडा, कौले, सारे. आणि हात वर धरून विचारले, “आता सांगा. झाड कोणाचं?”

मला ‘आमचे नव्हे’ असे म्हणायचे होते. पण ताई, ‘म’ उच्चारायला ओठ मिटावे लागतात, आणि तो अधिकार त्या घटकेला मला नव्हता. ‘प’लाही मिटावेच लागतात. म्हणजे ‘आमचे’ आणि ‘आपले’ यांच्यातला फरक जिथे सुरू होतो, नेमक्या तिथेच माझे तोंड उघडे होते. मी म्हणालो, “आ…”

दंतवैद्यांचा हात थांबला. “आपलं?”

ते ‘आमचं’ही ऐकू शकले असते. तसे ऐकले असते तर सगळा खर्च माझ्यावर आला असता. मी पुन्हा, यावेळी थोडे हळू, “आ” म्हणालो.

“मग हे आधीच नाही का सांगायचं, साहेब!” असे म्हणून ते बाईंकडे वळले, “ऐकलंस? आपलं म्हणाले.” आणि इतक्या हलक्या हाताने काम केले की मला कळलेही नाही. ताई, आयुष्यभर मी भेटेल त्याच्या शब्दांतली चूक काढत आलो. ही मी तशीच ठेवली आहे. निम्मे ते देतील, निम्मे मी. करवत उद्या सकाळी येणार आहे.

भाऊजींना नमस्कार. उत्तर सवडीने पाठव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सवडीने नको, लगेच पाठव. तुझ्या अंगणातली तुती ही हिचीच लेक. तिची एक जून काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आजोळी धाड. खिंडारातून थेट दंतवैद्यांचे स्वयंपाकघर दिसते आणि सौभाग्यवतींना त्यांची पातेली पाहून आमची बदलावीशी वाटू लागली आहेत.

ता. क. दुसरा : काड्या दोन पाठव. नवी तुती आपापल्याच बाजूला असावी, असा दोघांचाही आग्रह आहे आणि आज सकाळपासून आवाज पुन्हा किंचित चढू लागले आहेत.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत असतानाच दाढेचे बिल आले. पूर्ण आहे. झाडाचा न्याय इथेही लागू व्हावा, असे मी खिंडारातून सुचवून पाहिले. पलीकडून उत्तर आले, “झाड आपलं, साहेब. दाढ तुमची!”