लाबोंगचं पहिलं पाणी

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
रविवार, दुपार

प्रिय उन्नतीताई,

फोनच केला असता, पण आई पलीकडच्या खोलीत असते आणि तिचे कान तुला मालूम आहेत. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन बघू नकोस. जहाजावरून बोलावणं आलंय. अठ्ठावीस तारखेला कोचीत हजर व्हायचं, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आलो होतो, त्याला आता चौदा महिने झाले. परवा फूलबागेत एक माणूस चपला उशाला घेऊन झोपला होता, मी अर्धा तास त्यालाच बघत बसलो. जाऊ दे, भलतीकडेच चाललो.

गुरुवारी मी पळून चाललो होतो, ताई. तिकीट काढलेलं, बॅग माझ्या दोस्ताच्या, तरुणच्या दुकानात ठेवलेली. जायच्या आधी घरच्यांना एकदा लाबोंग खिलवावं असं डोक्यात बसलं. लाबोंग म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्या जहाजावरचा फिलिपिनो आचारी रोमेल त्यांचं रस्सेदार कालवण करायचा. कोंब उकडायचे, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचे, मग लसूण, आलं, सुकी कोळंबी आणि नारळाचं दूध. त्याची आई पावसाळ्यात हेच करते, हे सांगताना तो कालवणात उगाच पळी फिरवत राहायचा. हरिशंकरपुरमला तात्यासाहेबांच्या घरामागे बांबूचं बेट आहे, तिथून चार कोंब आणले. सोलायला घेतले तर काय सांगू, साल निघतच राहते! हातभर कोंबाच्या आत वीतभर गाभा, आणि बोटांत सगळी कुसळं. त्यात गाडीची वेळ झाली. पहिलं पाणी पातेल्यात गाळलं, कोंब दुसऱ्या पाण्यात चढवले, नारळ आणतो म्हणालो आणि निघालो.

फलाटावर उभा होतो तेव्हा आठवलं, पातेलं ओट्यावरच राहिलंय. त्या पहिल्या पाण्यात विष उतरतं, आणि आपल्या घरात उकडलेल्या भाजीचं पाणी कधी मोरीत जातं का? आई त्यात मूठभर तांदूळ टाकून आबांची पेज करणार. फोन लावला, उचलेना. भरवायला बसली की ती फोन घेत नाही. गाडी लागली होती. मी ऑटोकडे पळालो, ड्रायव्हरने विचारलं भी नाही, माझं तोंड बघूनच हाणली.

घरी पोचलो तर खरंच आई वाटी घेऊन बसलेली. पेज तीच, पण वाटी भरलेली होती. आबांनी ओठ घट्ट मिटलेले, हनुवटीवरून ओघळ. आई रडकुंडीला आली होती. मला म्हणाली, "तू नसलास की ते तोंडच उघडत नाहीत रे."

मी वाटी ओतून दिली, साधी पेज केली. आबांनी माझ्या हातून सगळी खाल्ली, नजर माझ्यावरून हलवली नाही. ते वाचले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता ना? मला मात्र कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं झालं. लाबोंग पण केलं मी नंतर. आईने दोनदा वाढून घेतलं. माझी वाटी मी तशीच झाकून ठेवली. आता ती शेजारीपाजारी सांगते की बापासाठी पोरगा धावत आला. मी मान डोलावतो.

तू ये. आठ दिवस ये, जिजाजींना मी सांगतो. रोज दोन्ही वेळेला आबांना तू भरव, मी बाहेर जाऊन बसेन. त्यांनी तुझ्या हातून खाल्लं तर प्रश्नच नाही. पण नाही खाल्लं, तरीसुद्धा मला जा म्हण, ताई. आबांना बोलता येत नाही, आई कधी म्हणणार नाही, आणि माझं मीच मला जा म्हणून बघितलं गुरुवारी, ते काही पुरत नाही. कुणीतरी म्हणायला पाहिजे. त्यासाठीच हे लिहिलं.

तुझाच,
अंशुल