सोमवारपासून एकेकाला घेणार

राजारामपुरी, कोल्हापूर
शनिवार, ११ ऑक्टोबर २००३

ती. सौ. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (दाजींच्या पायांवर अर्धंच, कारण उन्हाळ्यात त्यांनी मला चारचौघांत 'कॉलेजबुडव्या' म्हटलं ते मी विसरलेलो नाही) कळवतो की, माझं आयुष्य बदललं ते तीन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, तोंडात खडीसाखर असताना.

पण आधी रीत. तुझी कंबर कशी हाय? विद्याश्रीचे पुढचे दात आले का? इकडं घरी गडमुडशिंगीत सगळी ठीक. आईचा गुडघा थंडीची वाट बघतोय. अप्पा माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण मांजराकडं बघून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतात. पूर्वी मांजर बाहेर गेलं की तेही बंद व्हायचं, आता मांजराची वाट बघतात. म्हणजे प्रगती आहे.

तर, गेल्या वर्षापासून मी इथल्या कुरिअरच्या ब्रँचचा मॅनेजर आहे हे तुला ठाऊक आहेच. तुला हे ठाऊक नाही, की जूनपर्यंत माझ्या हाताखाली सात माणसं होती आणि जुलैत चार उरली. गेलेली तिन्ही माझ्या तोंडामुळं गेली. माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. वर्कशॉपच्या सरांनी माझं जर्नल खिडकीतून फेकलं तेव्हा दुसरा एखादा खाली जाऊन जर्नल घेऊन आला असता. मी सरांना खाली जाऊन आणायला सांगितलं, आणि ते गेले नाहीत म्हणून कॉलेज सोडलं. (आजही मला वाटतं की चूक सरांची होती. पण डिग्री त्यांच्याकडं आहे.) तोच स्वभाव इथं घेऊन आलो. पाकीट चुकीच्या घरी गेलं की मी ओरडायचो, आणि समोरच्या बेकरीतली गिऱ्हाइकं पाव तसाच हातात धरून ऐकत उभी राहायची.

शेवटी मालकांनी, म्हणजे शिवप्रसादशेठनी, मला बोलावून सांगितलं, "ईरप्पा, दिवाळीपर्यंत आनि एक मानूस गेला, तर त्याच्या मागनं तूबी गेलास." असं म्हणून ते पुण्याला कसल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना माझ्यासाठी एक निळी फाईल घेऊन आले. फाईलीत लिहिलं होतं की मॅनेजरनं दर आठवड्याला आपल्या प्रत्येक माणसाबरोबर अर्धा तास एकट्यानं बसावं. त्याला 'वन-टू-वन' म्हणतात. मॅनेजरनं पाव हिस्सा बोलायचं, पाऊण हिस्सा ऐकायचं. मी फाईल एका रात्रीत वाचली (इंजिनिअरिंगची पुस्तकं अशी वाचली असती तर, हे वाक्य दाजींना पुरं करू देऊ नकोस) आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोटीस लावली: 'सोमवारपासून मी एकेकाला केबिनमध्ये घेणार आहे. कोणीही सुटणार नाही. — ई. गु. मॅनेजर.'

मला इतकंच म्हणायचं होतं की कुणाला वगळणार नाही. पण कोल्हापुरात 'घेणार' म्हटल्यावर माणूस आधी समोरच्यानं बाह्या वर सारल्यात का ते बघतो.

सोमवारी कृष्णातचं मेडिकल सर्टिफिकेट आलं. आजार लिहिला होता 'सर्वसाधारण'. (हा मोटारसायकलवर पाकिटं वाटतो, आणि त्याआधीच्या शनिवारी तो एका वरातीत तीन तास नाचला होता.) चिमणाबाई, ज्या पार्सलं निवडून पिशव्या भरतात, त्या कपाळभर अंगारा लावून आल्या आणि बाहेर बसून पुटपुटत राहिल्या. आणि ज्ञानू, आमचा सगळ्यात जुना सायकलवाला, भाच्याला घेऊन आला. भाचा सहा फूट, तालमीतला, कान चुरगळलेले. तो पार्सलांच्या बाकावर बसला तेव्हा बाक बोलला, पण त्याआधी भाचा बोलला: "मामाला काय घ्यायचं ते माझ्यादेखत घ्या, पावणं."

त्याला समजावण्यात माझा पाव हिस्सा तिथंच संपला. चहा पाजून त्याला बेकरीत बसवला आणि ज्ञानूला आत घेतला (म्हणजे बसवला). आता ऐकायचं होतं, आणि मला ऐकायची सवय नाही. म्हणून मी शनिवारीच चिमणाबाईंना विचारून ठेवलं होतं की राग आवरायला काय करावं. त्या म्हणाल्या, "डोक्यावर बरफ आनि तोंडात खडीसाखर." बर्फानं फाईल भिजली असती, म्हणून मी फक्त खडीसाखर घेतली. सुपारीएवढा खडा. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

मी फाईलीतला पहिला प्रश्न कागदावर लिहून पुढं सरकवला: 'माझ्यामुळे तुमच्या कामात काही अडचण येते का?' ज्ञानूनं तो दोनदा वाचला. मग कागदाची घडी घालून तो माझ्याकडं परत सरकवला. सव्वादहा वाजता तो म्हणाला, "सायेब, तुमी वराडला की मला अक्षरं दिसायची बंद हुत्यात. पत्ता समोर असतोय, वाचायला येत न्हाय. मग म्या अंदाजानं टाकतोय."

आक्का, माझ्या तोंडात खडा नसता तर मी ओरडलो असतो की अंदाजानं टाकतोस म्हणजे काय. पण खडा होता. आणि तो विरघळेपर्यंत मला कळलं, की मी पाकीट चुकलं म्हणून ओरडत नव्हतो, तर मी ओरडत होतो म्हणून पाकीट चुकत होतं. एका मुलीचा लग्नासाठीचा फोटो आणि पत्रिका एका निवृत्त हेडमास्तरांकडं गेली होती (त्यांनी ती मनापासून वाचून शिफारसीसह परत पाठवली), तो दोषही मग माझाच. ज्ञानू पुढं पाऊण तास बोलला. अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. चढावरचा भाग सायकलवर त्याच्याकडं आणि सपाट रस्ता मोटारसायकलवाल्या कृष्णातकडं, असं वाटप माझ्या आधीच्या मॅनेजरनं केलं होतं आणि मी ते देवाचं म्हणून चालवलं होतं. त्याच दिवशी बदललं.

कृष्णात बुधवारी बरा झाला. भाच्यानं त्याला निरोप दिला असावा की मारत नाहीत, चहा देतात. त्याचं म्हणणं वेगळं. "शिव्या देऊ नका आसं म्या म्हनत न्हाय," तो म्हणाला, "चुकलं तर द्या की. पर समोर बेकरीवाल्याची म्हेवणी असती. हितं आत बलवून द्या." तेव्हापासून त्याच्या शिव्या मी आठवडाभर साठवतो आणि वन-टू-वनमध्ये देतो. गंमत अशी की सोमवारपर्यंत त्यातल्या निम्म्या मला आठवत नाहीत.

चिमणाबाईंची बैठक मात्र माझ्या हातातून गेली. मी फाईल उघडली, त्यांनी ती मिटली आणि विचारलं, "जेवलास का? लगीन का करीत न्हाईस? कुनी पोरगी हाय का मनात?" अर्धा तास मीच बोललो आणि त्या ऐकत होत्या, खडीसाखरही त्यांनीच खाल्ली. जाताना म्हणाल्या की हे बरं हाय, दर सोमवारी बोलवत जा.

तर अशी तीन महिन्यांत एकही माणूस गेलेला नाही. पाकिटं पोचतात. शेठनी परवा माझ्या पाठीवर थाप मारली. खरं सांगतो, आक्का, कॉलेजात जे कुणी शिकवलं नाही ते मी एका प्लायवूडच्या केबिनीत शिकलो, आणि रात्री झोप चांगली लागते.

चौथं माणूस राहिलं. काउंटरवर आणि कॉम्प्युटरवर शिवांजली असते. तिच्या बैठकांबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही. कामाचं बोलतो. (केबिनला मोठी काच आहे आणि बाहेर चिमणाबाई असतात.)

दाजींना नमस्कार, विद्याश्रीला पापा.

तुझा,
ईरू

ता. क. १ — कुरिअरचा मॅनेजर असून पत्र पोस्टानं का, असं दाजी विचारतील. आमच्या कुरिअरनं पाठवायचं तर तुमच्या हातकणंगल्याच्या पिशवीची नोंद शिवांजली करते. तिनं माझं अक्षर ओळखलं असतं.

ता. क. २ — वर 'विशेष काही नाही' असं लिहिलं, ते खरं नाही. दहा सोमवार मी तिला फक्त कॉम्प्युटर नीट चालतो का एवढंच विचारलं. ती दहाही वेळा 'हो' म्हणाली, आणि कॉम्प्युटर ऑगस्टपासून बंदच पडतोय. अकराव्या सोमवारी मी धीर करून फाईलीतला शेवटचा प्रश्न विचारला: 'नोकरी सोडावीशी वाटेल असं काही कारण आहे का?' ती म्हणाली, एक आहे. मी विचारलं, कोणतं. म्हणाली, "तुम्ही." मला वाटलं, ओरडण्याबद्दल. मी माफी मागायला लागलो (होय, मी), तर म्हणाली, "तसं न्हाय. तुमच्या मनात काय हाय ते चिमणामावशींनी सांगितलं. पण तुम्ही माझे सायेब असताना मी 'हो' म्हटलं, तर ते खरं का भिऊन म्हटलेलं, हे तुम्हाला तरी कसं कळायचं? मलाच न्हाय कळणार." म्हणून ती म्हणाली की दिवाळीनंतर दुसरीकडं नोकरी बघते. तिच्या पगारावर धाकट्या भावाची शाळा आहे, आणि हातकणंगल्याहून रोज येऊन जमेल अशी दुसरी नोकरी इथं तिला लगेच मिळायची नाही. हे सगळं तिनं पाकिटाचं वजन सांगावं तसं सांगितलं. माझ्या तोंडात तेव्हा खडा नव्हता, तरी मी मधे तोंड न घालता शेवटपर्यंत ऐकलं.

ता. क. ३ — तर मुद्द्याचं. तुमच्या हातकणंगल्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला सोमशेखर टेलर म्हणून दुकान आहे, ते तिचे वडील. येत्या आठवड्यात पोलकं शिवायच्या निमित्तानं जा, आणि बोलून ये. दाजींना न्यायचं तर ने, पण त्यांना फक्त मापं देऊ दे. तिच्या वडिलांनी 'न्हाय' म्हटलं तर भांडू नकोस, आणि तिनं 'न्हाय' म्हटलं तर लगेच उठून ये. आता तिला दोन्ही मोकळेपणानं म्हणता येईल, कारण मी आज सकाळी राजीनामा दिला. शेठनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, आनि एक मानूस गेला तर तुला घालवीन म्हटलं हुतं, तर तूच तो एक मानूस?" ज्ञानूला माझ्या जागी बसवा असं मी लिहून दिलंय. सोमवारपासून मला शिरोलीतल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बोलावलंय, मॅनेजर म्हणून नव्हे, हाताखाली. तिथला मॅनेजर फार ओरडतो म्हणतात.

अप्पांना हे अजून सांगितलेलं नाही. तूच सांग. मांजराला आधी सांगितलंस तरी चालेल.

सहा वाजत आले. शिवांजली मघाशीच गाडीला गेली, जाताना काचेतून बघितलं, हसली नाही, पण ओढणी नीट केली. निळी फाईल टेबलावर ज्ञानूसाठी ठेवली आहे. शेवटची ओळ दाराबाहेर उभ्यानंच लिहितोय. पोस्टाच्या पेटीतली डाक निघायच्या आत हे टाकायचं आहे, म्हणून पंखा बंद केला, बाहेर आलो, आणि दार ओढून घेतलं.