डाव्या हाताचे टाके

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा रफूकाम, भिंग लावून हरवल्या-चोरलेल्या वस्तूंचा छडा लावते म्हणून गल्लीत भिंगवाली म्हणून ओळखली जाणारी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो देताना डॉक्टर हसले होते.

१. माझे दोन खोल्यांचे घर, शिलाई मशीन आणि बँकेत जे असेल ते, सर्व माझ्या धाकट्या बहिणीस द्यावे. गेली एकोणचाळीस वर्षे तिने माझ्याशी बोलणे टाकले आहे. माझी पत्रे ती न फोडता परत पाठवते, म्हणून हे वकिलांच्या हाती देत आहे.

२. कात्र्या आणि सुयांची डबी शेजारच्या सूनबाईंना. त्यांच्या सासूबाईंनी त्यास हात लावू नये. उसनी नेलेली माझी इस्त्री त्यांनी अजून परत केलेली नाही.

३. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी माझ्या शोधकामांवर एक हलकीफुलकी रहस्यकादंबरी लिहिली. हरवलेले मांजर, बदललेली छत्री. लोक वाचून हसतात. पण शेवटच्या प्रकरणातली डावखुरी चोर म्हणजे माझी बहीण, आणि ती चोर नव्हती. ग्रंथपालांचा दोष नाही, मी सांगितले तसे त्यांनी लिहिले. ते प्रकरण त्यांनी बदलावे. माझी प्रत जाळून टाकावी.

४. खरे काय ते असे. आम्ही दोघी मास्तरांच्या शिवणकारखान्यात होतो. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात शिवलेली अंगठी नाहीशी झाली; अस्तर उसवून पुन्हा शिवलेले होते. मास्तर मला म्हणाले, "तुमच्या भिंगापुढे कुणाची डाळ शिजत नाही, ताई. बघा जरा." मी हुरळून गेले. टाके डावीकडे कललेले होते आणि कारखान्यात डावखुरी एकच. ते वेडेवाकडेही होते, आणि बहिणीचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. पण मी म्हटले, घाईत शिवले असतील. अकरा बायकांसमोर मी तिचे नाव घेतले.

"ताई, मी नाही गं. निदान तू तरी असं म्हणू नकोस."

"टाके समोर आहेत," मी म्हणाले. तिचे काम गेले, ठरलेले लग्नही मोडले.

मागच्या वर्षी माझा उजवा हात मोडला. डाव्या हाताने उशीच्या खोळीला चार टाके घातले आणि पाहतच राहिले. तेच कललेले, तेच वेडेवाकडे. अंगठी गेली त्या आठवड्यात मास्तरांचा उजवा हात इस्त्रीने भाजला होता; त्यांनी शिवले असेल तर डाव्या हातानेच. पट्टी मीच बांधली होती. मास्तर आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नीकडे जाऊन विचारले, तेव्हा त्या रडल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं हो."

५. बहिणीने यातले काहीच घेतले नाही, तर घर गल्लीतल्या शिवणवर्गाला द्यावे. तिची समजूत घालायला कोणी जाऊ नये. तिचा राग रास्त आहे. मला तिची फार आठवण येते, एवढे मात्र लिहून ठेवते.

६. हे मृत्युपत्र वकिलांनी कारखान्याच्या दारात, त्या अकरा जणींपैकी ज्या उरल्या असतील त्यांना बोलावून, मोठ्याने वाचावे. आणि मला घरातून उचलण्याआधी वाचावे. एकदा उचलले की माणसे माझ्याबद्दल चांगले बोलू लागतील, मग तिची बाजू कोणी ऐकणार नाही.

स्थळ: राहते घर
तारीख: १४ मार्च, दुपार
सही: भिंगवाली

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
१. डॉक्टर
२. मास्तरांची पत्नी (कलम चार स्वतः वाचून)